दोऱ्याएवढं रबर

एप्रिलमध्ये मर्चंट नेव्हीतले एक इंजिनिअर दुकानात आले. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. रोलेक्स सबमरीनर, १६६१० मॉडेल, काचेच्या आतून वाफ धरलेली. तारकर्लीला पोहून आल्यावर डायल धूसर दिसायला लागली, म्हणून आठ दिवस त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. ‘‘तीनशे मीटरचं घड्याळ आहे हो, मी तर कमरेएवढ्या पाण्यात होतो,’’ ते कळवळून म्हणाले.

हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. डायलवरचा आकडा म्हणजे कारखान्यातून निघताना घड्याळाने दिलेल्या परीक्षेचा निकाल. कंपनी ते सव्वापट दाबाखाली तपासते, हे खरंच. पण पाणी अडवायला जाड स्टील आणि जाड काच पुरत नाही. झाकणाच्या आणि चावीच्या सांध्यात दोऱ्याएवढी रबरी रिंग असते, सगळी भिस्त तिच्यावर. स्टील नातवंडांपर्यंत टिकेल. रबर घामाने, साबणाने, उष्णतेने कडक होतं, चपटं होतं, आणि केसाएवढी फट पडते. समुद्राला तेवढी पुरते.

पाणबुड्यांच्या घड्याळाचा सगळा इतिहास मला या सांध्यांचाच इतिहास वाटतो. १९२६ साली रोलेक्सने आट्यांनी घट्ट बसणाऱ्या झाकणाचं आणि चावीचं ‘ऑयस्टर’ काढलं. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइत्से ही इंग्लिश तरुणी ते गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या गारठलेल्या पाण्यात दहा तासांहून जास्त पोहली. घड्याळ चालूच राहिलं. १९५३ मध्ये ब्लांपॅंचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं, म्हणजे साधारण ९१ मीटर. तेव्हा कंपनी चालवणारे जाँ-जाक फिश्टर स्वतः पाणबुडे होते. वेळेचं भान सुटल्यामुळे पाण्याखाली हवा संपण्याचा प्रसंग त्यांनी भोगला होता. त्यांनी चावीला दुहेरी रिंग दिली. पाण्याखाली चावी चुकून ओढली गेली, तरी आत थेंब जाऊ नये! ज्याचा जीव त्या पाण्यात अडकलेला असतो, त्यालाच हे सुचतं.

इंजिनिअरसाहेबांचं घड्याळ पालथं केलं तर झाकणाच्या खाचांवर ओरखडे. आधी कुणीतरी योग्य पाना न वापरता पक्कड लावली होती. झाकण निघालं, रिंग चिमट्याने उचलली. कडक, चपटी; वाकवली तर मोडली. मागच्या सर्व्हिसिंगला जुनीच रिंग परत बसवली होती, तीही ग्रीस न लावता. एवढ्या किमतीच्या घड्याळात चार पैशांच्या रबराची काटकसर केलेली पाहिली की मला मनापासून राग येतो. चावीचा स्टेम तपकिरी झाला होता, आणि गंजाची पूड तेलात मिसळून चाकांपर्यंत पोहोचली होती. हे मशीन सेकंदाला आठ ठोके टाकतं. त्यात अशी पूड म्हणजे पॉलिश पेपरच.

तांदूळ बाहेरची ओल शोषतो, बंद केसमधली नाही. त्या आठ दिवसांत खारं पाणी आत निवांत काम करत राहिलं. पहिल्या संध्याकाळी घड्याळ आणलं असतं, तर बहुधा स्टेमही वाचला असता.

मशीन पूर्ण उकललं, धुतलं, तेल दिलं. स्टेम, चावी, सगळ्या रिंगा नव्या. ते न्यायला आले तेव्हा शेवटची परीक्षा मुद्दाम त्यांच्यासमोर घेतली. दाबाची चाचणी झालेलं घड्याळ गरम प्लेटवर कोमट केलं, काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. आत ओल असेल तर तेवढ्या जागी वाफ धरते. आम्ही दोघंही वाकून पाहत होतो. काच लख्ख होती.

समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याखाली बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, फिरवत धुवा, तिच्याखाली मीठ साचतं. गरम शॉवर टाळा. वर्षातून एकदा दाब तपासून घ्या, असं सांगून चावी बंद करायला त्यांच्याच हातात दिली. त्यांनी थेट उजवीकडे पिळायला घेतली. थांबवलं. म्हटलं, आधी हलकं दाबून उलटी फिरवा, आटे जुळले की बोटाला बारीक टिचकी लागते, मग सुलटी. पहिल्यांदा कळली नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘‘लागली,’’ ते म्हणाले.