दुर्बीण घेताना

दुर्बीण हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून आला, उर्दूत रुळला आणि मराठीतही रुळला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीला मराठीत द्विनेत्री म्हणतात. मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. सुटीच्या दिवशी द्विनेत्री गळ्यात अडकवून मी बाहेर पडतो. वाटेत भेटणारी माणसे थांबवून विचारतात, "यातून किती लांबचे दिसते हो?"

मी हसून सांगतो, "साध्या डोळ्यांनासुद्धा सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरचा चंद्र दिसतो!" खरे तर किती लांबचे दिसते, यापेक्षा किती स्पष्ट दिसते हे महत्त्वाचे. पण दुकानात गेल्यावर ही गोष्ट विसरायला होते. तिथे मोठ्या आकड्याची मोहिनी पडते.

मी मालेगावला शिक्षक आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला या छंदाची गोडी लागली. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. मुलाने दोन उन्हाळी सुट्ट्यांत एका दुकानात काम केले आणि पैसे साठवले. घरात पैशांची चणचण होती, तरी आईने त्या डब्याला हात लावला नाही. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी वीस पटींची दुर्बीण घेणार. दुकानदार म्हणतो, आठ पटींची मुलांच्या खेळण्यासाठी असते."

त्याचे पैसे एकदाच खर्च होणार होते. म्हणून मी म्हणालो, "अजून आठ दिवस थांब. आधी दोन्ही डोळ्यांना लावून बघ, मग ठरव."

द्विनेत्रीवर दोन आकडे छापलेले असतात. ८ × ४२ असे लिहिले असेल, तर पहिला आकडा पटींचा. ऐंशी मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, म्हणजे भिंग ४२ मिलिमीटर रुंद आहे. हे भिंग जितके रुंद, तितका जास्त प्रकाश आत येतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले, की डोळ्यापाशी बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८ × ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, तर २० × ५० मध्ये फक्त अडीच मिलिमीटर. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर एवढीच उघडी असते. तेव्हा अडीच मिलिमीटर पुरतात. पण पहाटे आणि संध्याकाळी बाहुली मोठी होते. पक्षीही नेमके त्याच वेळी हालचाल करतात. अशा वेळी वीस पटींच्या दुर्बिणीतून चित्र काळवंडलेले दिसते.

त्या रविवारी आम्ही नांदूर मधमेश्वरला गेलो. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ हा बंधारा आहे. तिथल्या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे पहिलेच रामसर स्थळ. हिवाळ्यात इथे दूरदेशीची बदके येतात. आम्ही भल्या सकाळी निरीक्षण मनोऱ्यावर चढलो. माझी ८ × ४२ ची द्विनेत्री जवळ होती. एका मित्राची २० × ५० ची मागून आणली होती.

मुलाने आधी मोठी दुर्बीण उचलली. ती चांगलीच जड होती. चिखलात शेकाट्या उभे होते. लांब लाल पायांचे हे पक्षी त्याला ओळखता येत होते. पण दुर्बिणीतून ते सापडेनात. "सर, नुसते पाणी आणि गवत दिसते आहे," तो म्हणाला. याचेही कारण आहे. पटी वाढल्या, की दिसणारा भाग आक्रसतो. हजार मीटरवर आठ पटींच्या दुर्बिणीतून साधारण १३० मीटर रुंदीचा देखावा दिसतो. वीस पटींच्या दुर्बिणीतून त्याच्या निम्म्याहून कमी. अखेर त्याला एक शेकाट्या सापडला, पण तो थरथरत होता. पक्षी जागचा हलला नव्हता. मुलाच्या हाताचा कंपही वीस पटींनी मोठा झाला होता.

मग त्याने माझी द्विनेत्री घेतली. तो चश्मा लावतो. म्हणून मी डोळ्यांजवळच्या रबरी कडा दुमडून दिल्या. आधी मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याचे चित्र जुळवले, मग उजव्या भिंगाचे कडे फिरवून उजव्या डोळ्याचे. तो एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "सर, याचा डोळासुद्धा लाल आहे!" 

मोठ्या पटींची दुर्बीण निरुपयोगी असते असे मात्र समजू नका. आम्ही तीच दुर्बीण तिपाईवर बसवली, तेव्हा पाण्याच्या पार मध्यावर बसलेली बदके छान दिसली. चंद्रावरची विवरे पाहायलाही ती उत्तम. साधारण दहा पटींपर्यंतची द्विनेत्री हातात धरता येते. त्यापुढे तिपाई हवी. एका जागी बसून दूरचे पाहणाऱ्याला ती सोयीची, पण झाडीतून हिंडणाऱ्याला तिचे ओझेच होते. म्हणून दुर्बीण घेण्यापूर्वी आपण काय पाहणार, कुठे पाहणार आणि किती चालणार, हे आधी ठरवावे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे पाहू नका. डोळे कायमचे जाऊ शकतात.

परतताना बसमध्ये मुलाने विचारले, "पण सर, पक्षी फारच लांब असला तर?" मी त्याला सालीम अलींची हकिगत सांगितली. हे थोर पक्षितज्ज्ञ १८९६ साली मुंबईत जन्मले. अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर तासन्‌तास बसून नजर ठेवली. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी टिपले. त्यांचा हा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. पक्षी लांब असेल तर आपणच आवाज न करता जवळ जावे, नाहीतर तो येईपर्यंत बसून राहावे.

मुलाने शेवटी ८ × ४२ चीच द्विनेत्री घेतली. दुकानदाराने पुन्हा मोठा आकडा पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "मला ती बाहेर उजेडात नेऊन बघू द्या." एकाच पाटीवरची बारीक अक्षरे त्याने दोन्हींतून वाचून पाहिली आणि मगच पैसे मोजले.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. अशाच एका शुक्रवारी सकाळी मोसम नदीच्या काठी मला तो वडिलांबरोबर दिसला. द्विनेत्री वडिलांच्या डोळ्यांना होती. आठवडाभर मागावरचा तुटलेला धागा शोधून जोडणारे ते हात मुळीच हलत नव्हते. पलीकडच्या तारेवर एक खंड्या बसला होता. मुलगा त्यांच्या कानाशी लागून म्हणत होता, "अब्बा, आता बोलू नका. तो पाण्यात सूर मारणार आहे."