नाही म्हणण्याची तालीम

दिवाळीच्या सुमारास आमच्या वऱ्हाडात दोन प्रकारच्या मालाची वर्दळ सुरू होते. एक शेतातला कापूस, तो बाजाराकडे निघतो; दुसरे मिठाईचे डबे, ते साहेबलोकांच्या घराकडे निघतात. योगायोग असा की, ३१ ऑक्टोबर ही सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत आणि सरकारी बँकांत ‘दक्षता जागृती सप्ताह’ म्हणून पाळला जातो. तेव्हा सकाळी उजवा हात पुढे करून सचोटीची शपथ घ्यायची आणि संध्याकाळी घरी जाऊन कुणाकुणाचे डबे आले ते मोजायचे, असा प्रसंग एकाच दिवशी यायला पंचांगाची काहीच हरकत नसते!

मी तीस वर्षे एका मोठ्या कंपनीच्या अकोल्याच्या कचेरीत काढली. त्यातली शेवटची आठ वर्षे प्रशिक्षण विभागात गेली. वर्षातून दोनदा अमरावतीला वर्ग भरे. पहाटेची गाडी धरायची, मूर्तिजापूर गेले की चहा घ्यायचा, बडनेऱ्याला उतरायचे आणि दहाच्या ठोक्याला फळ्यापुढे उभे राहायचे. विषय ‘कामाच्या ठिकाणची नीतिमत्ता’. हे ऐकून आमच्या आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत. “अगं, नीती का वर्गात शिकवतात? ती आईच्या दुधातून येते. तिशीच्या बाप्यांना तू ती आता पाजणार?”

आत्याबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. वर्गात पहिल्या तासाला मी जे प्रश्न विचारी, त्यांना सगळ्यांचीच उत्तरे बरोबर येत. लाच घ्यावी का? नाही. खोटे बिल करावे का? नाही. शंभरांपैकी शंभर गुण! आईच्या दुधाने आपले काम चोख केलेले असे. मग गडबड होते कुठे?

त्याचे उत्तर मला एका पोराने दिले. दर्यापूरकडचा मुलगा, नुकताच वजनकाट्यावर लागलेला, नोकरी अजून कायम व्हायची होती. मागे कोरडवाहू शेती आणि लग्नाच्या दोन बहिणी. दुपारच्या तासाला तो उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, लाच घेऊ नाही, हे मले माहीत हाये. पण काट्यावर टरक उभा हाये, वजन कमी भरते, अन् वरून फोन येते, ‘पावती पुऱ्या वजनाची फाड.’ तवा म्या काय करू, थे सांगा.”

वर्गात एकदम शांतता पसरली. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. वाचकहो, नीतीचा खरा धडा इथे सुरू होतो. घरच्या नीतीत आपल्यासमोर आई असते. कचेरीतल्या नीतीत समोर वरिष्ठ असतो, हातात त्याचा फोन असतो आणि खिशात महिनाअखेरची यादी असते. काय चांगले नि काय वाईट, हे त्या पोराला कुणी शिकवायला नको होते. त्याला हवी होती ती ‘नाही’ म्हणण्याची रीत, आणि नाही म्हटल्यावर पाठीशी उभे राहणारे कुणीतरी.

मी फळा पुसला आणि त्याचाच प्रश्न त्यावर लिहिला. उरलेला दिवस आम्ही तेवढ्यावरच घालवला. एकाने साहेब व्हायचे, दुसऱ्याने काट्यावर बसायचे आणि तिसऱ्याने ट्रकवाला व्हायचे. निवृत्तीला आलेले एक तोलारी म्हणाले, “वाद नाही घालायचा. एवढंच म्हणायचं, ‘साहेब, दोन ओळी लिहून पाठवा, लगेच पावती फाडतो.’ चाळीस वर्षांत ती दोन ओळींची चिठ्ठी मला कधी आली नाही.” वर्ग खदखदून हसला; पण सगळ्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

पुढच्या महिन्यात तो फोन खरोखर आला आणि पोराने दोन ओळी मागितल्या. चिठ्ठी आली नाही. आली ती बदलीची ऑर्डर. सहा महिने तो एका दूरच्या गोदामावर होता. गोष्ट गोड करण्यासाठी मी हे लपवणार नाही. त्यानंतर मी हट्ट धरला की, हा वर्ग आधी साहेबांचा भरला पाहिजे. तो भरला, आणि त्याच पोराचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. बऱ्याच ओढाताणीनंतर तोंडी हुकूम पावतीला चालणार नाही असे ठरले, वजन यंत्रातूनच छापून येऊ लागले, आणि पोरगा परत काट्यावर आला.

ही युक्ती आमच्या वऱ्हाडाला नवी नाही. पूर्वी बाजारात पंचाखाली बोटे धरून भाव ठरत, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच भावाचा पत्ता नसे. कापसाचा नियंत्रित बाजार देशात पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्या कारंज्याला, १८८६ साली. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. तोलाऱ्यांना आणि दलालांना परवाने आले, वजनांची तपासणी आली. १९२८ साली शेतकीच्या शाही आयोगाने हाच नमुना इतर प्रांतांपुढे ठेवला. त्या कायद्याने व्यापारी काही संत झाले नाहीत. परंतु लबाडी अवघड झाली आणि प्रामाणिकपणा थोडा स्वस्त झाला. सामान्य माणसाला प्रामाणिकपणा परवडला पाहिजे, हे फार महत्त्वाचे आहे.

अर्थात नुसत्या यंत्रानेही भागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीची राखण सोपवली. विश्वास टाकणे हेही प्रशिक्षणच! जमशेटजी टाटांनी कापसाच्या मुलखाजवळ, नागपुरास, एम्प्रेस गिरणी काढली ती १८७७ साली. टाटांची लेखी आचारसंहिता आली १९९८ साली. मधल्या एकशेवीस वर्षांत वरची माणसे कशी वागतात हे पाहूनच खालची माणसे शिकत होती. कागद मागाहून येतो. आधी नजर शिकते.

आणि नीती म्हणजे केवळ पैशाचा हिशेब नव्हे. माझ्या उमेदवारीच्या काळात मुलीला कुणी नको ते बोलले, तर ती मुकाट्याने राजीनामा देई. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कायदा झाला. आता दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक कचेरीत तक्रार समिती असावी लागते. समितीचा कागद भिंतीवर लागतो खरा. पण तक्रार करणाऱ्या मुलीशी दुसऱ्या दिवशी डबा खायला कोण बसते, यावर त्या कचेरीची परीक्षा होते.

नाही म्हणण्याची सगळ्यात सुंदर तालीम मात्र मी घरीच पाहिली. एका दिवाळीला ठेकेदाराचा पोऱ्या आमच्याकडे भलामोठा डबा घेऊन आला. सासूबाईंनी त्याला पाटावर बसवले, चहा दिला, आणि निघताना तो डबा तसाच त्याच्या हातात ठेवून वर चकल्यांची पुडी दिली. “बाबा, डबा आमच्याकडे चालत नाही. पण दिवाळीला आलेला माणूस आमच्या दारातून रिकाम्या हाती जात नाही.” अपमान कुणाचा नाही, उपदेश नाही, आणि नकार मात्र पक्का! हा धडा मी पुढे दरवर्षी वर्गात शिकवला.

मुलामुलींना नोकरी लागली की आपण विचारतो, पगार किती, सुट्ट्या किती, कायम केव्हा करणार. यंदा फराळाला सगळे एकत्र बसाल तेव्हा आणखी एक विचारा: “तुमच्या कचेरीत ‘नाही’ म्हणता येतं का रे? आणि म्हटलंस तर तुझ्या बाजूला कोण उभं राहील?” उत्तर यायला वेळ लागेल. तो लागू द्या. आणि काहीच उत्तर आले नाही, तर निदान एक माणूस तरी त्याच्या बाजूला आहे, घरी, एवढे त्याला त्याच वेळी सांगून टाका.