कार्पेटच्या खाली

इंग्लंडातल्या घरात पाहुणे येतात आणि कार्पेटचं कौतुक करतात. अंडरलेचं कौतुक करणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही. अंडरले म्हणजे जमीन आणि कार्पेट यांच्यामध्ये अंथरायचा फोमचा, रबराचा किंवा फेल्टचा थर. तो कुणाला दिसत नाही, म्हणून लोक रंग निवडण्यात तीन शनिवार घालवतात आणि अंडरले दुकानदार म्हणेल तो घेतात.

मलाही फरक पडला नसता. पण आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होती, खुब्याचं ऑपरेशन झाल्यानंतर पहिल्यांदाच. ती आता वॉकर घेऊन चालते. पाऊल उचलत नाही, सरकवते. अशा माणसाला चार-पाच मिलिमीटरचा उंचवटा पुरतो.

आमचं लेस्टरमधलं घर शंभर वर्षांहून जुनं. पुढच्या खोलीत लाकडी फळ्या, मागे नंतर वाढवलेल्या स्वयंपाकघरात काँक्रीट. कार्पेट उचललं तर खाली तीन पिढ्यांचा इतिहास: भिंतीकडे काळपट फेल्ट, मधे रबर, आणि दाराशी कुणीतरी घातलेला नव्या जाड फोमचा तुकडा. जिथे रबर संपून फोम सुरू होत होता, बरोब्बर तिथेच कार्पेटवर झिजलेली रेघ होती. वेगळ्या जाडीचे दोन थर शेजारी टाकले की सांधा वर उमटतोच. जुना थर चालण्याच्या वाटेवर दबून पातळ झालेला असतो, त्यामुळे त्याला नवं ठिगळ लावलं की ठिगळच उंच होतं. एका खोलीत एकच अंडरले, आणि तोही सगळा नवा.

फळ्यांमध्ये एक खोलगट जागा होती. नवरा म्हणाला, "तिथे एक तुकडा जास्तीचा घालूया ना." कार्पेट बसवायला आलेले काका वीस-पंचवीस वर्षं हेच काम करत होते. ते नुसतेच हसले. मऊ वस्तूने खड्डा भरत नाही, काही दिवस लपतो. पाय पडला की दोन थर एका थरापेक्षा जास्त दबतात आणि खड्डा परत हजर होतो. वर कार्पेटही ताणलं जातं ते वेगळंच. जमिनीचा दोष जमिनीतच काढायचा.

म्हणून दोन दिवस आम्ही अंडरलेला हातच लावला नाही. वर आलेल्या खिळ्यांची डोकी ठोकून आत घातली. उंच फळ्यांच्या कडांवर रंधा मारला. मग सगळीकडे ६ मिलिमीटरचं प्लायवूड ठोकलं, तेही आखूड खिळ्यांनी, कारण इथे फळ्यांखालून पाण्याचे आणि गॅसचे पाइप जातात. काँक्रीट फळ्यांपेक्षा खाली होतं. तिथे लेव्हलिंग कंपाउंड ओतून दारातली पायरी लांबट उतारात बदलली. सरळ लांब पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्याखालून टॉर्चचा उजेड कुठे दिसतो ते पाहायचं. इतकी साधी तपासणी, पण तीच सगळ्यात कंटाळवाणी.

दुकानातला मुलगा १२ मिलिमीटरचा फोम घ्या म्हणत होता, "ढगावर चालल्यासारखं वाटतं." ढगावर वॉकरचे पाय रुततात. जाडीपेक्षा घनता महत्त्वाची: अंगठ्याने दाबून पाहा, सहज तळाला टेकत असेल तर तो राहू द्या. आम्ही पातळ पण घट्ट घेतला. दारंही खालून तासावी लागली नाहीत.

व्हिडिओ कॉलवर आईला हे सगळं दाखवत होते. तिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आहेत. ती लगेच म्हणाली, "अगं, मग काठावर काठ येऊ देऊ नकोस. पाठीला टोचतं." जुन्या साड्यांचे थर लावताना ती जाड काठ एकावर एक येऊ देत नाही. काकांचा नियम अक्षरशः हाच: अंडरलेचा सांधा कार्पेटच्या सांध्याखाली आणायचा नाही. तुकडे एकमेकांवर चढवायचे नाहीत, कडेला कड भिडवून वरून टेप लावायची. आणि भिंतीलगत ग्रिपरची जी खिळ्यांची पट्टी असते, तिच्या आतल्या कडेपाशीच थांबायचं. अंडरले तिच्यावर चढला तर खिळे कार्पेटला नीट धरत नाहीत आणि भिंतीच्या कडेने फुगवटा येतो.

आई आली. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेली, दारात अडखळली नाही, आणि चहात आलं कमी आहे म्हणाली. अंडरलेचे उरलेले तुकडे मी फेकणार होते. त्यातला एक तिने मागून घेतला आणि दुमडून देवापुढच्या पाटाच्या एका पायाखाली सारला. पाट डुगडुगत होता. काकांचा नियम मी सांगितला, तर म्हणाली, "देव काही वॉकर घेऊन चालत नाही गं."