बहिणींच्या सह्या

चारठाण्याला शिक्षिका म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत बदली होईल. बदली झाली नाही. मुलं इथेच मोठी झाली, आणि भाड्याच्या दोन खोल्या पुरेनाशा झाल्या. तेवढ्यात आमच्याच मोहल्ल्यातलं एक जुनं घर विकायचं आहे असं कानावर आलं.

घर एकमजली, सात खणांचं माळवद. समोर ढाळज, मग ओसरी, मागे आड आणि लिंबाचं झाड. जागा पाच गुंठे, म्हणजे ५४४५ चौरस फूट. जोत्याला काळा घडीव दगड. आमचं गाव हेमाडपंती मंदिरांचं आणि जुन्या बारवेचं, इथे दगडाला तोटा नाही. वरच्या भिंती मात्र पांढऱ्या मातीच्या. माळवदाला दोन ठिकाणी गळती होती, कारण कित्येक वर्षं मिरगाच्या आधी कुणी वर माती टाकलीच नव्हती. तरी ओसरीत उभी राहिले आणि मे महिन्यातला तो गारवा अंगाला लागला. मनात म्हटलं, हेच घर.

मालक दोघे भाऊ, दोघेही नोकरीनिमित्त बाहेरगावी. किंमत ठरली चौदा लाख. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला दोघांचीच नावं होती. जिंतूरच्या वकिलांनी कागद पाहून एकच प्रश्न विचारला, "मॅडम, यांना बहिणी आहेत का?"

होत्या. तीन.

वकिलांनी समजावून सांगितलं. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. १९३७ च्या शरीअत कायद्याप्रमाणे मुसलमानाच्या राहत्या घराची वाटणी शरीअतनेच होते. आईवडील दोघेही वारलेले, कर्ज किंवा वसीयत काही नाही. म्हणजे भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. दोन भाऊ आणि तीन बहिणी मिळून सात हिस्से. फक्त भावांनी सह्या केल्या तर सातपैकी चारच हिस्से आमचे होणार.

भावांना हे सांगितलं तर मोठे भाऊ हसले. "बहिणींचं लग्नात सगळं केलंय. त्यांना मध्ये आणू नका, मी दोन लाख कमी करतो."

दोन लाख! तेवढ्यात माळवद दुरुस्त झालं असतं. घरी रात्रभर चर्चा. हे म्हणाले, "त्या कुठे भांडायला येणार आहेत?" मी म्हटलं, "म्हणूनच तर." सूरह निसा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यात हिस्से अगदी मोजून सांगितलेत. जहेज किंवा लग्नाचा खर्च वजा करा असं त्यात कुठेही नाही. दुसऱ्याच्या हिश्श्यावर मुसल्ला कसा अंथरायचा?

अखेर भाऊ तयार झाले. थोरल्या आपा साठीच्या पुढच्या, त्या सेलूहून एसटीने आल्या. ओसरीच्या खांबावर हात फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. मी दोन लाखांचा विषय काढला तर म्हणाल्या, "मेरेकू पैसे नक्को बेटा. मैके का दरवाजा खुला रैना, बस."

मी काही बोलू शकले नाही. अगदी हेच शब्द मी २०११ साली बोलले होते. अब्बांच्या इंतकालनंतर भावांनी हक्कसोडपत्र समोर ठेवलं आणि मी दहा मिनिटांत सही केली. माझा हिस्सा किती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर माहेर तुटलं असतं, असं वाटलं होतं.

आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, हिबा कब्जाशिवाय पुरा होत नाही. आधी हिस्सा तिच्या हातात द्या, मग तिने हवं त्याला द्यावा.

तसंच केलं. पाचही जणांच्या सह्यांनी खरेदीखत झालं, तेही माझ्या नावे. महिलेच्या नावावर घर घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आमचे चौदा हजार वाचले. भावांना चार-चार लाख, बहिणींना दोन-दोन लाख, प्रत्येकाच्या आपापल्या खात्यात. एका बहिणीने त्यातले पन्नास हजार धाकट्या भावाला परत दिले, खुशीने. थोरल्या आपांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. उरलेले ठेवलेत. कशासाठी, ते मी विचारलं नाही. त्यांचे पैसे आहेत.

माळवद यंदा अर्धंच झालं, उरलेल्या खणांवर तात्पुरते पत्रे टाकलेत. पावसात आवाज फार होतो. पण अल्हम्दुलिल्लाह, झोप लागते. ईदला तिन्ही बहिणी येऊन गेल्या, ढाळजेतून हाक मारत, स्वतःच्या घरी यावं तशा.

माझ्या मुलींनी सगळं पाहिलं. धाकटीने एकदा विचारलं, "अम्मी, तुमच्या अब्बांच्या घरात तुमचा हिस्सा किती होता?"

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. हे मासिक माझ्या दोन्ही भावांच्या घरी दर महिन्याला जातं.