वारा आणि गारवा

शब्द जपून वापरावेत, असे मी गेली अठरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. झुळूक कुठे संपते आणि वारा कुठे सुरू होतो, यावर मी पाऊण तास सहज बोलू शकतो. आणि मुलांचे दुर्दैव असे की, बोलतोही. अशा माणसाची शब्दांचीच शिकवणी एखाद्या मोटार-मिस्त्रीने घ्यावी, ही काही प्राध्यापकाने मिरवण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु दिवाळीच्या फराळाबरोबर थोडी स्वतःची फजितीही पानात वाढावी, म्हणजे फराळ पचतो. तेव्हा सांगून टाकतो.

आमची गाडी नऊ वर्षांची. ती घरासमोर गुलमोहराखाली उभी असते. मे महिन्यात टपावर लाल फुलांचा सडा पडला की आम्हां सर्वांना मोठे कौतुक वाटते. त्याच गुलमोहराची जिऱ्याएवढी पाने पुढच्या काचेखालच्या जाळीतून कुठे नाहीशी होतात, याची चौकशी मात्र आमच्यापैकी कोणीच कधी केली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात गाडी आतून तापू लागली. पंख्याचे बटण चारच्या आकड्यावर नेले की घरघर वाढे. पण तोंडाला लागे ते उसासा टाकल्यासारखे काहीतरी. मी गाडी एका गॅरेजात नेली आणि ठणकावून सांगितले, "एसी चालत नाही. गॅस संपला असेल, भरून टाका." त्यांनी भरला. महिन्याने पुन्हा नेली, पुन्हा तेच सांगितले. त्यांनी पुन्हा भरला. त्यांना तरी बोल का लावावा? रोग्यानेच रोगाचे नाव आणि औषध दोन्ही सांगितल्यावर वैद्याने नाडी कशाला पाहावी!

आषाढात एका सकाळी कणकवलीहून फोन आला. माझे मामा फार आजारी होते. आईचा हा पाठचा भाऊ. ती पुढे माझ्याशेजारी बसली, मागे पत्नी आणि मुलगी, पायांशी ओल्या छत्र्या. राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, म्हणजे तीन तासांचा रस्ता. जेवणाच्या वेळेआधी पोचू, असे मी फोनवर सांगूनही टाकले.

राधानगरी मागे पडली आणि पाऊस सुरू झाला. दाजीपूरच्या रानात शिरलो तेव्हा बाहेर धुके होतेच. थोड्या वेळाने ते आतही आले. पुढच्या काचेवर आतून दुधाळ पडदा धरला. मी बटणे फिरवली, पंखा चारावर नेला, एसी जास्तीत जास्त थंड केला. घरघर झाली, काच तशीच. आईने न बोलता पदर हातात घेतला आणि काच पुसली. वीतभर रस्ता दिसला, तो पुन्हा मिटला. तिने पुन्हा पुसली. एका वळणावर समोरून ट्रकचे दिवे एकदम अंगावर आल्यासारखे झाले, तेव्हा मी गाडी कडेला घेऊन एका चहाच्या टपरीपाशी थांबवली. माझे हात थरथरत होते. ते लपवायला मी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

पंधरा मिनिटांनी पुन्हा निघालो, तर वारा थोडा बरा येत होता! मी मनाशी म्हटले, गॅस स्थिरावला असेल. (गॅस 'स्थिरावतो' म्हणजे काय करतो, हे मला आजही सांगता येणार नाही.) पाऊण तासात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सबंध घाट आईने पदराने काच पुसत उतरवला. मी गाडी चालवत होतो हे खरे, परंतु रस्ता दाखवत होती ती.

आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मामा एक वाजेपर्यंत जागे होते, "बाय इली?" असे दर थोड्या वेळाने विचारत होते, असे मामींनी सांगितले. मग त्यांना ग्लानी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी डोळे उघडले, आईला ओळखले, तिचा हात धरून पाच-दहा मिनिटे काही बोलले. काय बोलले ते आईने आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. नंतर जरा उतार पडल्यासारखा वाटला म्हणून आम्ही परतलो. उशिराबद्दल आई एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

कोल्हापूरला येताच मी गाडी घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा आपल्या हातांनी घडवला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' काढली, त्या गावाच्या हातांत अजून ती कला आहे. फक्त ती पाहायची तर नाट्यगृहात न जाता उद्यमनगराच्या बोळांत शिरावे लागते. एका मित्राने सांगितलेल्या शेडमध्ये साठीचे एक मिस्त्री स्टुलावर बसून कसलीशी मोटार खोलत होते. मी नेहमीचे पालुपद सुरू केले, "एसी चालत नाही, गॅस..."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, वारं येत न्हाई, का गार येत न्हाई?"

मी गप्प झालो. प्रश्न साधा होता आणि दोन महिन्यांत तो मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. "गार येते," मी चाचरत म्हणालो, "पण... येतच नाही."

"म्हंजे वारं न्हाई. मग गॅस कशाला भरलासा? तुमी नुसतं काय हुतंय त्येवढं सांगा. का हुतंय ते आमी बगतो."

आमच्या भाषेत या यंत्राला 'वातानुकूलन' म्हणतात. त्या शब्दात गारव्याचे नावही नाही. आहे तो वात, आणि तोही अगदी आरंभीच. समास सोडवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला तो दिसू नये!

मग त्यांनी जी तपासणी केली, ती मी ऑइलच्या डब्यावर बसून पाहिली. आधी पंखा एकापासून चारापर्यंत फिरवला. प्रत्येक आकड्याला आवाज चढत गेला. "मोटार चांगली हाय, रजिस्टर बी चांगला. रजिस्टर गेला असता तर नुसता चारावर फिरला असता." (रजिस्टर म्हणजे आमचे हजेरीचे नव्हे, पंख्याची गती कमी करणारा विजेचा रोधक.) नंतर वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून ती चारही झडपांसमोर धरली. ती सगळीकडे सारखीच मलूलपणे हलली. म्हणजे एखादीच नळी निसटलेली नव्हती. वारा पायांकडे वळवला, काचेकडे वळवला, तिथेही तेच. म्हणजे वारा वाटून देणारे आतले पडदे फिरत होते, परंतु वाटायला वाराच नव्हता. बाहेरची हवा घेऊन पाहिली, आतलीच फिरवून पाहिली, फरक नाही. "आता ऱ्हायली जाळी, न्हाईतर कॉइल," असे म्हणून त्यांनी डाव्या बाजूचा कप्पा निखळून काढला आणि त्यामागच्या खाचेतून एक चौकोनी वस्तू ओढली.

तिला फिल्टर म्हणावे असे तिच्यात काही उरले नव्हते. गुलमोहराची पाने थरावर थर बसली होती. त्यांत उसाच्या हंगामात आमच्या गच्च्यांवर उतरते ती काळी काजळी होती, आणि एका कोपऱ्यात उंदराने केलेले मऊ अंथरूण होते. ते अंथरूण कागदाच्या कपट्यांचे होते. एका कपट्यावर माझे अक्षर मी ओळखले. त्या कप्प्यात मी वर्गातली टिपणे ठेवीत असे. 'लघुनिबंधाचे स्वरूप' या विषयाचा इतका मनापासून उपयोग माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही.

जाळी बाजूला ठेवून मिस्त्रींनी पंखा सुरू केला. धो धो वारा आला. माझा चष्मा हलला.

घाटातले कोडे त्यांनी नवी जाळी बसवता बसवता उलगडले. कॉइल थंडगार आणि तिच्यावरून जाणारा वारा थोडा, अशा वेळी हवेतले पाणी कॉइलवरच गोठते. बर्फ धरला की उरलासुरला वाराही अडतो. टपरीपाशी गाडी बंद होती तेवढ्यात बर्फ वितळला, म्हणून वारा परत आला. तो गॅसचा प्रताप नव्हता. शिवाय शहरातल्या धुळीला भिऊन मी आतलीच हवा फिरवण्याचे बटण कायमचे दाबून ठेवले होते. चार माणसांचे श्वास आणि ओल्या छत्र्या गाडीत कोंडून मी काच निवळण्याची वाट पाहत होतो! "घाटात भायेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा आणि तांबड्याकडं बी जरा फिरवा," ते म्हणाले. बटणाचा तो तांबडा भाग कोल्हापुरात कशासाठी देतात, याचे मला नेहमी नवल वाटे. इंजिनाच्या गरम पाण्यावरून येणारी ती ऊब असते. एसी हवेतले पाणी काढून घेतो, ऊब तिला आणखी कोरडी करते, आणि अशी हवा लागली की काच निवळते.

वडिलांच्या वेळच्या अँबॅसिडरला आणि फियाटला पुढच्या दारात एक त्रिकोणी काच असे. ती तिरपी केली की वारा थेट गळ्याशी. बिघडायला काही नव्हतेच. त्या गाड्यांच्याही आधी, अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या नमुन्यात गारव्याची सोय कारखान्यातूनच देऊ केली होती. ती बंद करायची तर इंजिन थांबवून त्यावरचा पट्टा काढावा लागे म्हणतात. माझ्यासारख्याला ती गाडी परवडलीही असती तरी झेपली नसती.

मिस्त्रींनी जाळीचे पैसे घेतले आणि मजुरीचे नाव काढले नाही. "आईसाहेबांना कसं हाय?" एवढे विचारले. मी त्यांना घाटातली सगळी हकीकत सांगून बसलो होतो तर.

आठव्या दिवशी मामा गेल्याचा फोन आला. आम्ही पुन्हा निघालो. तीच माणसे, त्याच छत्र्या. दाजीपूरला तसेच धुके होते. मी बाहेरची हवा घेतली, बटण तांबड्याकडे जरासे वळवले. काच स्वच्छ राहिली; थेंबन् थेंब दिसत होता. आई समोर पाहत होती. पहिल्या मोठ्या वळणावर तिने पदर हातात घेतला, पुढे वाकली आणि काच पुसली.

"निवळ आहे गं," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली, आणि घाट संपेपर्यंत पुसत राहिली.