अधूनमधून लागणारा दिवा

बिरसीच्या धावपट्टीच्या आसमंतात जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एका गोष्टीचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. चाके जखडू न देणारी ब्रेकची जी व्यवस्था आज एबीएस या नावाने सर्वतोमुखी झाली आहे, ती सर्रास वापरात आली ती मोटारींत नव्हे, तर विमानांत. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाक जखडले की टायर घासून फुटतो आणि विमान घसरते. या संकटावर डनलॉप कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी मॅक्सरेट नावाचे यांत्रिक साधन काढले, पुढे १९७८ मध्ये बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक प्रणाली मर्सिडीजमध्ये बसली, आणि आपल्याकडील सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची होईपर्यंत २०१९ साल उजाडले. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, म्हणजे मॅक्सरेटहूनही वडील.

या व्यवस्थेचा पिवळा दिवा कायम जळत असेल, तर दोष सहसा लवकर सापडतो; परंतु जो दिवा मनास येईल तेव्हा लागतो आणि किल्ली फिरवताच अंतर्धान पावतो, तो कारागिराच्या धीराची परीक्षा पाहतो. धानाची रोवणी आटोपल्यावर कामठ्याकडील एका शेतकऱ्याची जुनी गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मालक म्हणाले, "मिस्त्री, दोन दिवसांपासून लागलाच नाही, राहू द्या आता." मी राहू दिले नाही, कारण दिवा विझणे म्हणजे दोष निवारण होणे नव्हे. दिवा वेगात लागतो की हळू चालताना, वळणावर लागतो की सरळ रस्त्यावर, पाऊस पडून गेल्यावर की कोरड्या उन्हात, हे सारे मी बारकाईने विचारून घेतले. कारण मालकाची जबानी ही पुष्कळदा यंत्राच्या दाखल्याहून अधिक मोलाची असते. विचारता विचारता एक गोष्ट बाहेर आली: गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या क्षणी, कधीकधी पायाखाली ब्रेकचे पेडल थरथरते.

स्कॅनर लावला, तर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची नोंद निघाली. येथेच पुष्कळजण नवा सेन्सर मागवून मोकळे होतात आणि महिनाभराने दिवा पुन्हा हजर होतो. ती नोंद एवढेच सांगते, की त्या चाकाकडून येणारा संकेत विश्वासार्ह नाही. संकेत का बिघडला, हे शोधणे कारागिराकडेच उरते. बॅटरीचा दाब, चारही टायरांचे माप आणि बेअरिंगचा खुळखुळा तपासून मी गाडी रस्त्यावर काढली, आणि शेजारी बसलेल्या मुलाला स्कॅनरवर चारही चाकांचे वेग वाचावयास सांगितले. गाडी थांबावयास आली, की इतर तीन चाके सुरळीत उतरत असता डावे चाक मध्येच शून्यावर कोसळे आणि पुन्हा वर येई.

जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. चाकासोबत फिरणाऱ्या रिंगचे दाते त्याच्यापुढून सरकले, की विजेचा लहानसा तरंग उठतो. मधले अंतर जेमतेम मिलिमीटरभर, आणि चाक जितके हळू, तितका तरंग क्षीण. म्हणून रिंगमधील बारीकसा दोष वेगात झाकून जातो आणि मंद गतीत उघडा पडतो. गाडी जॅकवर घेऊन मी स्ट्रटजवळची तार हलवून पाहिली. ती शाबूत होती. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा काळा भुगा पुसला. मग ड्राइव्ह शाफ्टवर वाळून दगड झालेला बांधीतला चिखल तारेच्या ब्रशने खरवडला, आणि चाक हाताने सावकाश फिरवत रिंगवरून नख नेले. एका जागी नख अडकले.

दोन दात्यांमधील खाचेत केसाएवढी फट होती. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. चिखलाच्या ओलीने रिंगखाली साचलेल्या गंजाने तिला आतून रेटले होते, आणि त्या रेट्याने ती फाटली होती. प्रत्येक फेऱ्यात तेवढे एक अंतर वाढे, संगणकास चाक घसरल्याचा भास होई, आणि तो निष्कारण ब्रेक सोडून पेडल थरथरवी. रिंग बदलली, खालचा गंज घासून काढला. सेन्सर जुनाच ठेवला.

गाडीमालकांस माझे आग्रहाचे सांगणे आहे, की दिवा लागेल त्या वेळचा वेग, रस्ता आणि हवा कागदावर टिपून ठेवावी, आणि पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी तेथेच थांबवावी. जुनी गाडी विकत घेणाराने तर किल्ली फिरवताना अवश्य पाहावे: एबीएसचा दिवा आधी लागून काही क्षणांनी विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर त्याचा बल्ब कोणी काढला आहे काय, याची चौकशी केल्यावाचून पैसे देऊ नयेत.