घाटावरची हवा

मलकापुराहून बुलढाण्याकडे निघालेली एस.टी. राजूर घाटात वळणे घेऊ लागली, की एका ठराविक टप्प्यावर उतारू कानांवर बांधलेली उपरणी आणि डोक्यावर घट्ट ओढलेले पदर सोडू लागतात, ही गोष्ट गेल्या वैशाखात प्रथमच माझ्या ध्यानात आली. कोणी कोणास सांगत नाही, मैलाच्या दगडाकडे कोणी पाहत नाही. शेजारी पेंगणारा म्हाताराही डोळे न उघडता उपरण्याची गाठ सैल करतो, आणि मोताळ्यापर्यंत जी झळ तोंड भाजून काढीत होती तिला वारा म्हणावे असे रूप आलेले असते. ज्या जिल्ह्यात नकाशावर ठळक अक्षरांनी नोंदावे असे एकही विख्यात शिखर नाही, तेथील माणसांच्या देहात उंचीचे ज्ञान इतके मुरलेले असावे, याचे मला नवल वाटले आणि अभिमानही वाटला.

शिखर म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे हिमालय उभा राहतो, नाहीतर आपले १६४६ मीटरांचे कळसूबाई. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरांवर, आणि खालचे मलकापूर अडीचशेंच्या आसपास. एक किलोमीटर वर चढले असता हवा सरासरी साडेसहा अंशांनी निवते, या वातावरणशास्त्राच्या हिशेबाने घाटाचे देणे जेमतेम अडीच अंशांचे ठरते. परंतु उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये सापडलेले पूर्णेचे खोरे आपल्या काळ्या मातीत दिवसभराचे ऊन साठवून ठेवते, माथ्यावर मात्र वारा मोकळा फिरतो, आणि म्हणून देहाला हा फरक आकड्याहून पुष्कळ मोठा वाटतो. पौष-माघातल्या निवांत रात्री हाच न्याय उलटतो: थंड हवा जड होऊन उतारांवरून खाली ओघळते, आणि पहाटे खोऱ्यातला गारठा माथ्यावरल्या गारठ्यालाही मागे टाकू शकतो. हवेची अशी वाटणी करणे हे मी पर्वताचे आद्य कर्तव्य समजतो. उंचीचा मान त्यानंतरचा.

शिवाय हा पर्वत वर आलेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार झाले, पुढे नद्यांनी ते कोरले, पूर्णेचे खोरे खचले आणि शेकडो फूट गाळाने भरून आले. या झिजेतून जे वाचले तो घाटमाथा. त्याला टोक नाही. सपाट माथा आणि त्याखाली काळ्या कातळाच्या पायऱ्या. टोकदार सुळक्यापेक्षा ही ऐसपैस उंची मला अधिक प्रिय आहे, कारण तिच्यावर ज्वारी पिकते, गावे नांदतात, आणि पावसाळा सरल्यावर कड्याशी उभे राहिले तर खोऱ्यापलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते.

राज्यकर्त्यांनीही हा कडा चांगला ओळखला होता. वऱ्हाडच्या जुन्या दप्तरात मुलखाची वाटणीच पाईनघाट आणि बालाघाट अशी आहे. पायथ्याचे रोहिणखेड घाटाची वाट धरून बसलेले, म्हणून १४३७ साली बहामनी फौजेने खानदेशच्या नसीर खानाचा पराभव केला तो तेथेच. पुढे १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले, तेव्हा उत्तर वऱ्हाडचे मुख्य ठाणे बुलढाण्यास आले. त्या निवडीत येथल्या हवेचा वाटा मोठा असला पाहिजे. आज तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यात सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न येतो तो हाच: स्थळ घाटावरचे की घाटाखालचे?

माझी आत्या घाटावरची लेक आणि घाटाखालची सून. तिचे सासर संग्रामपूरकडचे, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातले. तेथल्या जमिनीचा कस असा की कापूस छातीला लागावा, आणि विहिरीचे पाणी असे की तोंडात धरवू नये. दिवाळीला माहेरी आली म्हणजे पहिले दोन दिवस ती केवळ पाणी पीत असे. तहान नसताना, येता-जाता, माठावरचे ओगराळे हातातून सुटतच नसे. माझ्या आजीला ते पाहवत नसे, आणि ती काहीतरी निमित्त काढून परसात निघून जाई. परतीच्या दिवशी वडिलांनी आणलेले लुगडे आत्या मुकाट्याने पिशवीत ठेवी, आणि मग पितळेचा मोठा फिरकीचा तांब्या पुढे करून म्हणे, "दादा, एवढा भरून दे. आमच्या पाण्यात वरण मिळूनच येत नाही." ते खरेच होते, क्षार अधिक असलेल्या पाण्यात तुरीची डाळ तासन्‌तास शिजवली तरी तिचा कणा मोडत नाही. तो तांब्या घाट उतरताना ती मांडीवर घेऊन बसे, आणि सासरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी त्यातले वरण करून प्रथम आपल्या सासूला वाढी. सासू कडक होती, परंतु त्या वरणाला तिने कधी नाव ठेवले नाही, असे आत्या अखेरपर्यंत सांगत असे. पुढे गावात नळ आले तरी तिचा तांब्या माहेरी येणे थांबले नाही, आणि वडिलांनीही तो रिकामा कधी परत पाठवला नाही.

आकाशातून पडणारे पाणी एकच, पण या कड्यावर त्याचे दैव ठरते. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब नळगंगा, विश्वगंगा किंवा ज्ञानगंगा धरून पूर्णेत जातो, चांगदेवाजवळ तापीला मिळतो आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रात पोहोचतो. त्याच माथ्यावर, बुलढाण्याजवळच्या मढ गावी, पैनगंगा उगम पावते; ती विदर्भ-मराठवाड्याची हद्द आखीत वर्धेला, वर्धेतून प्राणहितेला, प्राणहितेतून गोदावरीला जाऊन थेट बंगालच्या उपसागरात उतरते. दोन समुद्रांचे पाणी वाटून देणाऱ्या या माथ्याला शाळेच्या भूगोलात एक ओळदेखील मिळत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. पैनगंगा अजून लहान असतानाच तिला येळगावला अडविले आहे, आणि बुलढाणा शहर तेच पाणी पिते.